टार्गेट प्रॅक्टिससाठी पॉइंट २२ रायफल घ्यायची, तर कोणती?

मॉडेल नंतर ठरवा, आधी रायफल क्लबचं सदस्यत्व घ्या. शस्त्र कायदा १९५९, कलम १३ मध्ये मान्यताप्राप्त क्लबच्या सदस्याला टार्गेट प्रॅक्टिससाठी लागणाऱ्या पॉइंट २२ (०.२२ इंच व्यासाच्या नळीच्या) रायफलीच्या परवान्याची स्वतंत्र तरतूद आहे. पोलीस चौकशी चुकत नाही, पण अर्जामागे ठोस कारण उभं राहतं. २०१९ च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकाला दोनच शस्त्रं ठेवता येतात. क्लबच्या सदस्याची सरावाची पॉइंट २२ या मर्यादेत धरत नाहीत. याचा फायदा बरेच जण घेतच नाहीत, वाईट वाटतं.

आता निवड. परदेशी मॅच रायफल, म्हणजे स्पर्धेसाठी बनवलेली, सामान्य माणसाला सहज मागवता येत नाही. ती सवलत मुख्यतः नामांकित नेमबाजांसाठी आहे. म्हणजे भारतीय बनावटीची किंवा परवानाधारकाकडून रीतसर हस्तांतरित होणारी जुनी बोल्ट अ‍ॅक्शन (दर गोळीनंतर बोल्ट, म्हणजे मागचा दांडा, हाताने ओढून पुढची गोळी भरायची), हेच खरे पर्याय. जुनी घेताना बोल्ट काढून नळीतून उजेडाकडे बघा. आतले पीळ, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा, धारदार दिसले पाहिजेत, गंजाचे खड्डे नकोत. शस्त्रावरचा क्रमांक कागदाशी स्वतः ताडून बघा. काडतुसंही परवान्यावर लिहिलेल्या संख्येइतकीच मिळतात, तेव्हा अर्जातच सरावाला पुरेल एवढा आकडा मागा.

वय २१ पेक्षा कमी असेल, तर क्लबच्या रेंजवर प्रशिक्षणातच वापरा. नाहीतर २० ज्यूलपेक्षा कमी ताकदीची पॉइंट १७७ एअर रायफल घ्या, तिला परवाना लागत नाही. नवशिक्याला मी तीच सांगेन: श्वास, ट्रिगर, पवित्रा सगळं तिच्यावर पक्कं होतं.