एफडी मोडून घरी स्टुडिओ?

अंबाजोगाईहून एका वाचकाचा प्रश्न: मी कंत्राटी निदेशक (प्रशिक्षक) आहे, पगार २४,०००. काकांच्या भजनी मंडळाचे अभंग घरीच रेकॉर्ड करायला शिकायचंय. लॅपटॉप ४५,०००, दोन चॅनेलचा ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारी पेटी) १२,०००, कंडेन्सर माइक ८,०००, मॉनिटर स्पीकर (रेकॉर्डिंग तपासून ऐकायचे) १६,००० आणि हेडफोन ५,००० असे ८६,००० लागतात. एक लाखाची एफडी मोडू का? पुढे इतर मंडळांकडून अभंगाला ५०० रुपये घेता येतील.

उत्तर: एफडीला हात लावू नका. कंत्राट नव्याने होईपर्यंत दरवर्षी दोन महिने पगार थांबतो, असं तुम्हीच लिहिलंय. घरखर्च महिना १८,०००. म्हणजे ही एफडी तुमच्यासाठी गुंतवणूक नाहीच, ती घरातली कणगी आहे. आणि ५०० च्या हिशेबाने ८६,००० वसूल व्हायला १७२ अभंग लागतील, वर्षभरात वसूल करायचे तर आठवड्याला तीनाहून जास्त. तेवढी मंडळं पैसे मोजून येतील, असं मला तरी वाटत नाही.

आता यादी. लॅपटॉप कशाला? तुमच्याकडे आहे त्या आठ जीबी रॅमवाल्यावर गळा आणि पेटी असे दोन ट्रॅक आरामात चालतात. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरपैकी ऑडॅसिटी फुकट आहे, रीपर ६० दिवस पैसे न भरता पूर्ण वापरता येतं. स्पीकरही आत्ता नको. तुमची खोली पत्र्याची. मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा, पत्रा कसा झणझणतो ऐका. तिथे १६,००० चे स्पीकरही खोटंच ऐकवणार. कंडेन्सर माइक तर पंखा, कुत्री, शेजारची मोटर, सगळं टिपतो. वर त्याला इंटरफेसमधून ४८ व्होल्ट द्यावे लागतात. त्यापेक्षा डायनॅमिक माइक (लांबचे आवाज कमी टिपणारा) घ्या आणि तोंडाजवळ धरा. भिंतींना गोधड्या टांगा, पावसाची सर ओसरली की गा. स्टँड आणि केबल तुम्ही विसरलात (सगळेच विसरतात), त्याचे दोनेक हजार धरा. इंटरफेस आणि हेडफोन यादीतलेच ठेवा. एकूण साधारण २५,०००.

हे पैसे ५,००० च्या आरडीतून पाच महिन्यांत जमतील. हप्त्यावर घेऊ नका. ‘नो कॉस्ट’ म्हटलं तरी प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी बहुधा लागतोच. मीही एकदा हप्त्यावर कॅमेरा घेतला होता. हप्ते संपले तेव्हा तो कपाटात होता.

तोवर मोबाइलवर शिका. काकांची सगळ्यात चढी तान घ्या आणि ती उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहील इतकाच गेन (माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते) ठेवा. शून्याला टेकली की आवाज फाटतो, तो मागाहून शिवता येत नाही. पेटीच्या भात्याचा आवाज गळ्यावर चढतो का, तेही हेडफोन लावून ऐका. मार्गशीर्षात योगेश्वरीच्या उत्सवापर्यंत पाच अभंग शेवटपर्यंत पूर्ण झाले, तर आरडी मोडून इंटरफेस आणा. दोनावरच अडकलात, तर ती आरडी एफडीला जोडा.