‘भावाच्या घरी राहतोय ना, मग बेघर कसा?’ – आमचा इंग्लंडमधला अनुभव

भावाला कौन्सिलकडून (म्हणजे इथल्या स्थानिक महापालिकेकडून) राहायची जागा कशी मिळवून द्यायची, असं विचारणारी तुमची पोस्ट वाचली. धाकटा भाऊ, लग्न मोडलेलं, नोकरी गेलेली, डिप्रेशनच्या गोळ्या चालू. दोन बेडरूमचं भाड्याचं घर, त्यात तुम्ही दोघं, दोन मुलं आणि हॉलमधल्या सोफ्यावर तो. कौन्सिलच्या काउंटरवर उत्तर मिळालं की डोक्यावर छप्पर आहे, म्हणजे तो बेघर नाही. तुमची पोस्ट नवऱ्याला वाचून दाखवली तर तो म्हणाला, "हे तू कधी लिहिलंस?" आमच्याकडे माझा दीर होता, एवढाच काय तो फरक.

युनिव्हर्सल क्रेडिट (सरकारी भत्ता), जीपी (फॅमिली डॉक्टर), सीव्ही, हे सगळं तुम्ही केलंच असेल, त्यात वेळ घालवत नाही. आधीच सांगते, मी वकील नाही, अकाउंट्समध्ये नोकरी करते. लिहितेय ते फक्त इंग्लंडपुरतं. स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे, तिथे ‘प्रायॉरिटी नीड’ची (आजारी, मुलंबाळं असलेले अशा ठरावीक गटांनाच प्राधान्य) अट २०१२ च्या अखेरीसच काढून टाकली. तुमचा भाऊ आयएलआरवर (कायम राहायच्या परवानगीवर) आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून पुढचं सगळं लागू पडतं. वर्क व्हिसावर असता तर ‘नो रिकोर्स’मुळे (सरकारी मदत न मिळण्याच्या अटीमुळे) हा दरवाजा बंदच असता आणि सोशल सर्व्हिसेसकडे केअर ॲक्टखाली (प्रौढांच्या देखभालीचा कायदा) जावं लागलं असतं. तो विषय निराळा.

आता मुद्द्याचं. आमच्या कौन्सिलचं नाव लिहीत नाही, पण त्या हाउसिंग काउंटरनं आमचा अख्खा हिवाळा खाल्ला. काचेपलीकडच्या ऑफिसरनं पत्ता विचारला, घरात कोण कोण राहतं ते विचारलं आणि अगदी गोड आवाजात सांगितलं की फॅमिली आहे, छप्पर आहे, आम्ही काही करू शकत नाही, रस्त्यावर यायची वेळ आली तर या. हातात एक पत्रक दिलं, त्यावर भाड्याच्या खोल्यांच्या वेबसाइटी. आम्ही आपले थँक यू म्हणून घरी. आपल्याकडे साहेबानं नाही म्हटलं की नाही, ही सवय जाता जात नाही. नंतर फोन केला की दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून कहाणी आणि शेवटी ‘तुमच्या नावावर केस दिसत नाही’.

लॉ सेंटरमधल्या (फुकट कायदेशीर सल्ला देणारी संस्था) एका स्वयंसेवक बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "निर्णयाचं पत्र कुठंय?" पत्र नव्हतंच. नकार कागदावर नाही, मग आव्हान कशाला द्यायचं? पुढे आम्ही सब्जेक्ट ॲक्सेस रिक्वेस्ट (स्वतःबद्दलच्या नोंदी मागायचा अर्ज) करून दिराची फाइल मागवली (फुकट मिळते, महिन्याभरात देणं बंधनकारक असतं), तर त्यात आमच्या त्या सगळ्या खेपांची नोंद एका ओळीत होती: जनरल सल्ला दिला. म्हणजे आम्ही अर्ज केला असं त्यांनी धरलंच नव्हतं! काउंटरवरून परत पाठवलेला माणूस आकडेवारीत दिसत नाही आणि त्याच्यावर खर्चही होत नाही. हे मुद्दाम करतात की ताणामुळे होतं यावर आमच्या घरात अजून वाद आहे. मला विचाराल तर मुद्दाम.

खरी गोष्ट अशी की १९९६ च्या हाउसिंग ॲक्टच्या सातव्या भागात अर्जाचा ठरावीक नमुनाच नाही. तोंडी सांगितलं तरी अर्ज, ईमेल केला तरी अर्ज. हा माणूस बेघर असेल किंवा होणार असेल असं वाटायला कारण आहे, इतकं झालं की चौकशी करणं कौन्सिलवर बंधनकारक होतं, आणि निर्णय कारणांसहित लेखी द्यावा लागतो. तो सेक्शन १८४. हातात निर्णय आल्यापासून २१ दिवसांत सेक्शन २०२ खाली रिव्ह्यू मागता येतो. शिवाय होमलेसनेस रिडक्शन ॲक्ट ३ एप्रिल २०१८ पासून लागू आहे, त्यात पुढच्या ५६ दिवसांत घर जाणार असेल तरीही मदत करायची आहे. तेव्हा ‘रस्त्यावर आलात की या’ हे उत्तर कायद्यात बसतच नाही.

त्यामुळे उद्याच्या उद्या भावाच्या नावानं ईमेल करा. मी बेघर म्हणून अर्ज करतो आहे, अमुक तारखेनंतर मला राहायला जागा नाही, मला अमुक आजार आहे, मला तात्पुरती जागा हवी आहे, आणि तुमचा निर्णय नकाराचा असेल तर तो सेक्शन १८४ प्रमाणे लेखी द्या. चार ओळी पुरतात. त्याची सही असलेलं संमतिपत्र जोडा, नाहीतर डेटा प्रोटेक्शनचं कारण सांगून तुमच्याशी बोलणार नाहीत. वॉर्डाच्या कौन्सिलरला कॉपी करा. एमपीलाही लिहू शकता, पण आमच्या अनुभवात कौन्सिलरचा फोन लवकर लागतो. तरीही हलले नाहीत तर ‘शेल्टर’ या बेघरांसाठीच्या संस्थेची हेल्पलाइन आहे, आणि बेघरपणाच्या केसला अजूनही लीगल एड (वकिलासाठी सरकारी मदत) मिळते. सॉलिसिटरचं एक पत्र गेलं आणि जी केस ‘दिसत नव्हती’ ती दोन दिवसांत दिसायला लागली.

तुमचा खरा प्रश्न मात्र दुसराच आहे, पोस्टच्या शेवटी तुम्ही तो दबकत विचारलाय. ‘सख्ख्या भावाला घरात ठेवू शकत नाही असं लिहून द्यायचं?’ हो, द्यायचं. आमच्याकडे ते पत्र मी लिहिलं, कारण नवऱ्याचा हात धजेना. आठवड्याभरात ते सातारला सासूबाईंपर्यंत पोचलं (कसं पोचलं ते विचारू नका) आणि ‘वहिनीनं दिराला घराबाहेर काढलं’ हे वाक्य पुढे प्रत्येक लग्नकार्यात माझ्या आधी हजर असायचं. पण त्या पत्राशिवाय कायद्याच्या दृष्टीनं त्याला तुमच्या घरात राहायची तुमची परवानगी आहे. परवानगी आहे तोवर कौन्सिल म्हणणार, राहू दे की.

पत्रात राग नको, रडारडही नको. कधीपासून राहतोय, कुठे झोपतो, मुलं किती वयाची, तुमच्या भाडेकरारात किती माणसांची परवानगी आहे, आणि कोणत्या तारखेनंतर तो राहू शकत नाही. सगळं खरं लिहा. खोटी माहिती देणं त्याच कायद्याच्या सेक्शन २१४ खाली गुन्हा आहे. पत्र गेलं की तुम्हाला फोन येईल, ‘अजून थोडे आठवडे ठेवाल का?’ जमणार असेल तर हो म्हणा, पण भिडेखातर म्हणू नका. आणि ती तारीख शुक्रवारची ठेवू नका. शुक्रवारी दुपारी बॅग घेऊन काउंटरवर गेलात तर सोमवारपर्यंत आउट-ऑफ-अवर्सच्या (ऑफिस बंद असतानाच्या) नंबरावर लटकत बसाल. मंगळवारी सकाळी जा.

दुसरं, कौन्सिलच्या मुलाखतीत ‘आम्ही त्याचं सगळं बघतो’ हे अभिमानानं सांगू नका. आपल्याकडे हे वाक्य तोंडातून आपोआप निघतं. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टात हॉटक विरुद्ध सदर्क अशी एक केस झाली. त्यातही भाऊच होते, एकाला समजायला-शिकायला अडचण, दुसरा त्याला रोजच्या गोष्टींत मदत करणारा. कोर्टानं एक चांगलं केलं: माणूस ‘व्हल्नरेबल’ (बेघर झाल्यास जास्त असहाय, म्हणून ‘प्रायॉरिटी नीड’मध्ये बसणारा) आहे का हे ठरवताना त्याची तुलना रस्त्यावरच्या इतर बेघरांशी करायची नाही, बेघर झालेल्या सर्वसाधारण माणसाशी करायची. पण घरच्यांची मदत हिशेबात धरता येते असंही सांगितलं आणि त्या भावाचं अपील फेटाळलं. तेव्हा जे करता ते लपवू नका, पण काय करू शकत नाही तेही सांगा. तुम्ही दोघं कामावर असता तेव्हा तो दिवसभर एकटा असतो, गोळ्या घेतो की नाही कळत नाही, पत्रं उघडत नाही. डॉक्टरांचं पत्रही असंच मागा. ‘डिप्रेशन आहे’ या पत्राचा काडीचा उपयोग नाही. घर नसेल तर या माणसाचं काय होईल, हे त्यात हवं. काही जीपी पत्राचे पैसे घेतात. मेंटल हेल्थ टीमचा केअर कोऑर्डिनेटर असेल तर त्याच्याकडून घ्या. आणि त्याला कधी ए अँड ई मध्ये (इस्पितळाच्या इमर्जन्सीत) न्यावं लागलंच, तर तिथे सांगा की घर जाणार आहे. ऑक्टोबर २०१८ पासून इस्पितळाच्या इमर्जन्सी विभागाला आणि जॉबसेंटरला (सरकारी रोजगार कार्यालयाला), माणसाच्या संमतीनं, कौन्सिलला कळवावंच लागतं. जीपीवर मात्र ते बंधन नाही.

आता सपोर्टेड हाउसिंग, म्हणजे खोलीबरोबर मदतनीसही मिळतो अशा जागा. तुमची कौन्सिलबाई म्हणाली की ‘त्याची यादी मोठी आहे’, तेही अर्धसत्य. या जागांसाठी बहुतेक ठिकाणी आपण थेट अर्ज करू शकत नाही, कौन्सिलच्या हाउसिंग टीमनं रेफर करावं लागतं. म्हणून आधी केस उघडणं महत्त्वाचं. केस उघडली की ‘पर्सनलाइज्ड हाउसिंग प्लॅन’ नावाचा कागद बनतो, त्यात ‘सपोर्टेड हाउसिंगसाठी रेफरल कौन्सिल करेल’ हे शब्द घालून घ्या. नाहीतर त्यात सगळी कामं तुमच्या भावाच्याच नावावर लिहिलेली असतात, रोज रूम शोध, रोज फोन कर. जो माणूस आंघोळीला उठत नाही त्याला!

एका कौन्सिलकडे भरपूर जागा आणि शेजारच्या कौन्सिलकडे ठणठणाट, हे का, असं तुम्ही विचारलंय. २००३ मध्ये ‘सपोर्टिंग पीपल’ नावाची योजना सुरू झाली, तिचा पैसा याच कामासाठी राखीव होता. २००९ मध्ये ते राखीवपण काढलं आणि पुढे कपातीचा काळ आला. घर मिळण्याबद्दल कायदा आहे, पण खोलीबरोबर येणाऱ्या सपोर्ट वर्करचा पगार किती द्यायचा हे बहुतेक कौन्सिलच्या मर्जीवर. ती पोकळी भरायला मग काही ठिकाणी नुसते धंदेवाले आले, बर्मिंगहॅममध्ये तर यावर मोठा गदारोळ झाला. घराला ‘सपोर्टेड’ म्हणायचं, भाडं जास्त लावायचं आणि सपोर्ट म्हणजे आठवड्यातून एकदा दारावर टकटक. २०२३ मध्ये त्यावर लगाम घालायला कायदा झाला. जाता जाता, हा आणि वर सांगितलेला होमलेसनेस रिडक्शन ॲक्ट (तो २०१७ चा) असे दोन्ही कायदे हॅरो ईस्टचे खासदार बॉब ब्लॅकमन यांनी खासगी विधेयकं म्हणून आणलेले. त्यांच्या बाकीच्या राजकारणाबद्दल काही म्हणा, यासाठी मी त्यांना मानते. त्यांना २०२० ची पद्मश्री आहे हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

म्हणून खोली बघायला तुम्ही स्वतः बरोबर जा. की-वर्कर (त्याला नेमून दिलेला सपोर्ट वर्कर) किती वेळ भेटतो, रात्री स्टाफ असतो का, आधीचा माणूस कुठे गेला, हे विचारा. करार टेनन्सीचा (भाडेकरूचे हक्क देणारा) आहे की लायसन्सचा (नुसती राहायची परवानगी) हेही बघा. बहुतेक लायसन्स असतं, म्हणजे नियम मोडले की लवकर बाहेर काढता येतं.

पैशाची एक भानगड सगळ्यांनाच नडते. अशा घराचं भाडं युनिव्हर्सल क्रेडिटमधून मिळत नाही. ते कौन्सिलच्या हाउसिंग बेनिफिटमधून मिळतं, त्याचा अर्ज वेगळा करायचा. खर्चापुरते पैसे युनिव्हर्सल क्रेडिट, भाडं हाउसिंग बेनिफिट. अर्ज पहिल्याच दिवशी करा, कारण काम करायच्या वयाच्या माणसाला मागचं फक्त एक महिन्यापर्यंतचं मिळतं, तेही सबळ कारण असेल तर. शिवाय स्वतःच्या खोलीची वीज, हीटिंग, पाणी असा सर्व्हिस चार्ज बेनिफिटमध्ये बसत नाही, तो दर आठवड्याला त्याला खिशातून भरावा लागतो. रक्कम लहान असते, पण तीच थकली म्हणून जागा गेलेले लोक आम्ही पाहिलेत. तेवढी स्टँडिंग ऑर्डर तुम्ही लावून टाका, भावबंदकी नंतर करा.

नोकरी लागली तर? आधी हिशेब मांडा. तिथलं भाडं बाहेरच्यापेक्षा बरंच जास्त असतं, आणि आमच्या वेळी पगारामुळे युनिव्हर्सल क्रेडिट संपलं की पुढे कमावलेल्या प्रत्येक पाउंडामागे हाउसिंग बेनिफिट ६५ पेन्सनं कमी व्हायचं. दिराला वेअरहाउसमध्ये पूर्णवेळ काम मिळत होतं, की-वर्करनंच सांगितलं की आधी थोडे तास कर. मला तेव्हा तो सल्ला आळशीपणाचा वाटला होता, पण बरोबर होता. नियम बदलत असतात, लागू काय आहे ते तिथेच विचारून घ्या.

बारीकसारीक: सामाईक स्वयंपाकघरात फोडणी घालताना खिडकी उघडायला सांगा. आमच्या दिराच्या मोहरी-हिंगानं फायर अलार्म वाजवून एकदा अख्खी इमारत पावसात बाहेर उभी केली होती.

आणि तुमच्या आई म्हणताहेत तसं ‘काही दिवस भारतात पाठवू’ याबद्दल. पाठवा, पण मध्येच नको. अर्ज चालू असताना गेला तर केस बंद करायला त्यांना आयतं निमित्त मिळेल. खोली मिळाल्यावर जाऊ दे, आणि परत यायचं तिकीट चार आठवड्यांच्या आतलं काढा. हाउसिंग बेनिफिट देशाबाहेर चार आठवड्यांपर्यंत आणि युनिव्हर्सल क्रेडिट एक महिन्यापर्यंतच चालू राहतं, आणि जाण्याआधी दोन्हीकडे कळवावं लागतं. ‘तिकडेच बरा होईपर्यंत राहू दे’ असं कोणी म्हणालं तर त्यांना सांगा की सलग दोन वर्षं बाहेर राहिला तर आयएलआरच जातो. ईमेलचा मसुदा हवा असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा, आमचा ठेवलेला आहे.