मोजत बसू नकोस

पोरी,

तुझा मेसेज तुझ्या आईने मला फॉरवर्ड केला. तिच्यावर चिडू नकोस, काय उत्तर द्यावं तिला कळेना म्हणून केला. आपल्या मॉर्मन चर्चच्या मिशनवर, धर्मप्रसाराला जाऊन आठ महिने झाले, एकही बाप्तिस्मा नाही, घरच्यांचे पैसे वाया घालवतेय का, परत येऊ का. आणि सगळ्यात शेवटी, माझ्या कम्पॅनियनच्या, म्हणजे जोडीने काम करणाऱ्या मुलीच्या, आधीच्या एरियात तीन बाप्तिस्मे झाले होते. अख्ख्या मेसेजमध्ये मला तेवढंच खुपलं, ते तीन.

देव आहे की नाही, तो तुझ्या पाठीशी आहे की नाही, हे मी सांगत बसणार नाही. ते तुला ठाऊक आहे म्हणून तर पिंपरीतून उठून लँकशायरच्या पावसात गेलीस. मी एकच सांगणार आहे आणि तेच परत परत सांगणार आहे. मोजू नकोस.

तुला तिथे काय ऐकवत असतील ते मला माहितीये. विल्फर्ड वुड्रफ, आपल्या चर्चचे सुरुवातीच्या काळातले मिशनरी! १८४० साली हेरफर्डशायरला गेले, बेन्बो नावाच्या शेतकऱ्याच्या फार्मवर सुरुवात केली, आणि त्या भागात वर्षभरात १८०० च्या आसपास लोक चर्चमध्ये आले असं सांगतात. खरंय, मोठंच काम आहे ते. पण तिथे ६०० च्या आसपास लोकांचा एक गट आधीच मेथडिस्ट पंथातून बाहेर पडला होता, युनायटेड ब्रदरन म्हणायचे त्यांना, आणि ते काहीतरी शोधतच होते, हा भाग मात्र घाईघाईत सांगून टाकतात. पाणी साठलेलं होतं गं, वुड्रफनी बांध फोडला. तुझ्या गल्लीत तसं पाणी साठलेलं नाहीये, त्यात तुझा काय दोष?

आणि त्याच इंग्लंडात १९६० च्या आसपास काय झालं तेही वाच कधीतरी. आकडे हवे होते. मग पोरांना बेसबॉल खेळायला बोलवायचं आणि खेळता खेळता पाण्यात उतरवायचं, कित्येकांना आपण नक्की कशात सामील झालो हेसुद्धा कळलेलं नव्हतं. बेसबॉल बाप्तिस्मा असंच नाव पडलं त्याला. कागदावर आकडे फुगले, पोरं परत फिरकली नाहीत, आणि मागून आलेल्यांना ती नावं शोधत आणि रजिस्टरमधून काढत बसायला लागलं. ते करणारेही तुझ्याच वयाचे होते, वाईट नव्हते, पण त्यांना मोजायला शिकवलं होतं आणि मोजायला लागलं की दारात उभा असलेला माणूस दिसत नाही, रिपोर्टातली ओळ दिसते.

आपण तर महाराष्ट्रातल्या, आपल्याला तरी हे जास्त कळायला पाहिजे. मीही तिकडेच मिशन करून परत आले तेव्हा एका लग्नात एका नातेवाइकाने सगळ्यांसमोर विचारलं, काय गं, किती जणांना बाटवलंस? आणि पुढच्याच रविवारी चर्चमध्ये एकाने अगदी प्रेमाने विचारलं, किती झाले सिस्टर? दोघांनाही एकच उत्तर दिलं, सांगणार नाही. आजपर्यंत कोणालाही सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही. लोकांना वाटतं कमी असतील म्हणून लपवते. वाटू दे. ज्या माणसांनी मला घरात घेतलं त्यांचा मी आकडा करणार नाही, कोणी शिवी म्हणून विचारला तरी नाही आणि कोणी कौतुकाने विचारला तरी नाही.

तिकडे असतानाही आमच्या एका लीडरला माझं हे पटायचं नाही. दर आठवड्याला फोन, धर्माचे किती धडे झाले, किती नवीन लोक, मी नावं सांगायला लागले की म्हणायचा नावं नकोत सिस्टर, आकडा सांगा. मी द्यायचे आकडा, द्यावाच लागतो, तूही दे, मी काही नियम मोडायला सांगत नाहीये. पण द्यायचा आणि विसरायचा, रात्री उशाशी घेऊन झोपायचा नाही. मला हट्टी म्हणायचे सगळे. असेन. इतक्या वर्षांनीही मला वाटतं माझंच बरोबर होतं.

ॲक्रिंग्टनला एक आजोबा होते, एकटे. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं, धर्माचं काही बोलायचं नाही, पण मागचं गवत वाढलंय, कापायचं तर कापा. आम्ही कापलं. मग त्यांनी चहा केला आणि आमच्या चर्चमध्ये चहा चालत नाही म्हटल्यावर बघतच राहिले. (तुझंही हेच होत असणार, भारतातली पोरगी आणि चहा नको, ब्लॅकबर्नच्या गुजराती बायका तर मनालाच लावून घेतात, तिथे सरळ म्हणायचं मावशी पाणी द्या, दूध द्या, पण काहीतरी घ्यायचंच, कोणाच्या घरून तसंच उठायचं नाही.) तर ते आजोबा तरुणपणी कापडाच्या गिरणीत मागावर होते. आणि माझे आजोबा परळच्या गिरणीत साच्यावर! बस, तासभर आम्ही नुसतं धोटा आणि तुटलेला धागा यावर बोललो. त्यांनी सांगितलं, मागांच्या आवाजात कोणालाच काही ऐकू यायचं नाही म्हणून सगळे ओठांवरूनच बोलायचे आणि ओठ बघूनच समजायचे, त्यांचं बायकोशी जमलं तेही असंच, मध्ये मागांची अख्खी रांग. मी सांगितलं, माझे आजोबा त्याच आवाजाने बहिरे झाले, आम्ही घरात त्यांच्याशी ओरडून बोलायचो. तेव्हा ते रडले. का रडले ते मी विचारलं नाही. नंतर जमेल तसं आम्ही जात राहिलो, गवत, खिडक्या, बाजारहाट. धडा एकही झाला नाही. रिपोर्टात ते कुठे दिसले असतील तर ‘सेवा, इतके तास’ एवढेच.

आता मला सांग, तिथे मी वेळ वाया घालवला का? तुझ्या हिशोबाने हो. मग तुझा हिशोब चुकतोय.

वाया या शब्दावरून आठवलं. गॉर्डन हिंक्ली, पुढे चर्चचे प्रेसिडेंट झाले ते, १९३३ ला तिथेच प्रेस्टनला होते. कोणी ऐकेना, पार खचले, वडिलांना लिहिलं की मी माझा वेळ आणि तुमचे पैसे वाया घालवतोय. शब्द न् शब्द तुझाच. वडिलांचं उत्तर आलं, स्वतःला विसर आणि कामाला लाग. हे तुला दहा जणांनी सांगितलं असेल आणि सांगताना जोर सगळा ‘कामाला लाग’ वर दिला असेल, जणू पोर तिथे झोपाच काढतंय. मी जोर पहिल्या अर्ध्यावर देते. स्वतःला विसर, म्हणजे स्वतःचा स्कोअर विसर. पैशाचं तुझ्या घरी ठरवून झालंय, घरून जमतं तेवढं देतात आणि बाकीचं चर्चच्या फंडातून येतं, ते ओझं तू डोक्यावर घेऊ नकोस. आणि तुला दर आठवड्याला घरी व्हिडिओ कॉल करता येतो, २०१९ च्या आधी नाताळ आणि मदर्स डे सोडून घरच्यांचा आवाजसुद्धा नसायचा. तेव्हा घरच्यांना काय वाटत असेल याच्या कल्पना करत बसण्यापेक्षा त्यांनाच विचार.

आणि आपल्याकडे जे मिशनरी आले होते त्यांचं काय झालं? ह्यू फिंडले, १८५२ ला मुंबईला उतरला, मग आपल्या पुण्यात. छावणीत लष्करवाल्यांनी त्याला उभं केलं नाही, तरी त्याने मूठभर लोकांची ब्रांच उभी केली, १८५५ ला गेला, आणि मागे काही टिकलं नाही. लिव्हाय सॅव्हेज त्याच सुमाराचा, अमेरिकेतल्या सॉल्ट लेकहून निघाला सयामला जायला, अडकला ब्रह्मदेशात, दोनेक वर्षं काढली, हाती काही नाही. मोजायचं तर शून्य. तोच माणूस परत जाताना १८५६ ला विली नावाच्या म्होरक्याच्या तांड्यात होता, सामानाच्या हातगाड्या ओढत पायी सॉल्ट लेकला निघालेले चर्चचे लोक. उशीर झालाय, पुढे बर्फ लागेल, म्हातारी माणसं आणि पोरं मरतील, असं त्याने सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं. कोणी ऐकलं नाही. तेव्हा म्हणाला, जाणारच असाल तर मीही येतो, तुमच्याबरोबर सोसेन, मरायची वेळ आली तर मरेन. बर्फ लागला, ६० हून जास्त माणसं गेली, आणि हा शेवटपर्यंत त्यांच्याबरोबर होता. कोणी ऐकत नसताना माणसांना सोडून न जाणं त्याला ब्रह्मदेशातच अंगवळणी पडलं असणार असं मला वाटतं, पुरावा काही नाही माझ्याकडे, पण दोन वर्षं बंद दारं बघितलेल्या बाईचं ऐक. दोन कसली, मुलींना १८ महिनेच असतात, पण मला ती दोनच वाटतात.

परत येण्याबद्दल. झोप लागत नसेल, छातीत धडधडत असेल, जेवण जात नसेल तर मिशन प्रेसिडेंटना स्पष्ट सांग, डॉक्टरकडे जा, आणि यायचं ठरलं तर ये, मी एअरपोर्टवर उभी असेन आणि मुदत पूर्ण केली नाही म्हणून कोणी तोंड वाकडं केलं तर गाठ माझ्याशी आहे. १८ हासुद्धा आकडाच आहे. पण नुसतं शून्य दिसतंय म्हणून येणार असशील तर येऊ नकोस. ते शून्य इथेही तुझ्याबरोबर येईल आणि मग तू नोकरीत, लग्नात, पोरांत सगळीकडे मोजत बसशील.

कम्पॅनियनच्या त्या तिघांचा विषय आता बंद. तिला त्यांची नावं विचार. ते काय करतात, आता कसे आहेत ते विचार. चोवीस तास एकीने दुसरीच्या नजरेआड जायचं नाही असा नियम आहे, आणि तू तिच्या घरी कोण कोण आहे हेही मला कधी लिहिलेलं नाहीस.

आणि एक काम आजच कर. मला ट्रान्सफर आली तेव्हा त्या आजोबांबद्दल मी एरिया बुकमध्ये, म्हणजे त्या भागातल्या माणसांच्या नोंदवहीत, पानभर लिहून ठेवलं होतं. नंतर एका कॉन्फरन्समध्ये त्या एरियातल्या मिशनरी सिस्टर भेटल्या, त्यांना विचारलं, तर म्हणाल्या ते इंटरेस्टेड नव्हते ना, म्हणून नाही गेलो. मिशन चालू असताना मला आपल्या मनाने तिकडे जाता येत नव्हतं आणि संपल्यावर विमान थेट मुंबईचं. पत्र टाकलं, उत्तर आलं नाही. अजून टोचतं ते मला. तुमचं आता सगळं फोनमध्येच असतं, तर रात्री बस आणि प्रत्येकाच्या नावाखाली लिही, कोणाचा गुडघा दुखतो, कोणाच्या कुत्र्याला घाबरायचं नाही, कोणाचा कचऱ्याचा डबा कोणत्या वारी बाहेर लावून द्यायचा असतो, कोणाचा मुलगा फोन करत नाही. नुसतं ‘नाही म्हणाले’ लिहून सोडू नकोस. दर सहा आठवड्यांनी ट्रान्सफर येऊ शकते, मग वेळ मिळत नाही.

तुझी
मावशी