उशाशी केळी ठेवून झोपणारे काका

पूर्वी माझ्याकडे समुपदेशनाला येणारे मधुमेही साखर वाढल्याने घाबरलेले असायचे. आता घरोघरी साखर मोजायचं यंत्र आलंय आणि प्रश्न उलटा झालाय: "ताई, साखर उतरली की हार्ट बंद पडतं का हो?"

रावेरकडचे एक केळी-बागायतदार काका हाच प्रश्न घेऊन आले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) एकादशीचा उपास, साखर उतरवणारी सकाळची ग्लिमेपिराइडची गोळी मात्र घेतलेली, वर मे महिन्याचं ऊन. बांधावरच कोसळले. साखर भरली 48. तेव्हापासून उशाशी दोन केळी. रात्री छातीत धडधडलं की एक खायचं, भीती गेली नाही तर दुसरं. तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणाऱ्या तपासणीचा (HbA1c) आकडा 7.4 टक्क्यांवरून 10.2 वर गेला.

पहिल्या भेटीत मी चुकले. "काही होत नाही हो," म्हणाले. काकांनी मोबाईल पुढे केला. पुण्याच्या मुलाने पाठवलेला मजकूर: 2008 साली अमेरिका-कॅनडातल्या 'ॲकॉर्ड' या मोठ्या अभ्यासात साखर अगदी कडक आटोक्यात ठेवलेल्या गटात मृत्यू जास्त झाले, म्हणून ते उपचार मध्येच थांबवले. "मले पोरासारखं समजावू नका."

बरोबर होतं त्यांचं. त्या मृत्यूंचं कारण साखर उतरणंच होतं असं सिद्ध झालेलं नाही, पण भीती निराधारही नाही. साखर 70 च्या खाली गेली की शरीर ॲड्रेनालिन सोडतं. ठोके वाढतात, रक्तातलं पोटॅशियम घटतं, हृदयाची लय बिघडू शकते. रक्त गोठायची प्रवृत्ती वाढते, रक्तवाहिन्यांच्या आतल्या नाजूक अस्तराला त्रास होतो. आधीच हृदयविकार असेल किंवा साखर वारंवार उतरत असेल, तर धोका जास्त. पण सतत चढलेली साखर त्याच अस्तराला वर्षानुवर्षं पोखरते. म्हणजे काका जे वाचवायला केळी खात होते, तेच केळ्यांनी झिजवत होते.

दुसऱ्या भेटीत हे सगळं खरं खरं सांगितलं आणि एक वही दिली. धडधडलं की आधी अंदाज लिहायचा, मग बोट टोचायचं.

पंधरा दिवसांत अकरा नोंदी. अंदाज सगळे साठच्या आतले. यंत्राने दाखवलेले आकडे: 212, 187, 240... आणि एकदाच 66.

काका बराच वेळ वही बघत बसले. "मग हे धडधडतं काय?"

मी उत्तर दिलं नाही. अशा वेळी गप्प बसायला मला फार वर्षं शिकावं लागलंय.

"रात्री बागेत पाणी द्यायला गेलं," ते हळूच म्हणाले, "अन् पान हललं, की बिबट्याच वाटतो. तसं झालंय माझं."

"पान हललं की काय करता?"

"बॅटरी मारतो."

"बिबट्या कधीच नसतो?"

"असतो ना! मागल्या साली होता."

"मग हे यंत्र म्हणजे तुमची बॅटरी."

काका हसले. धडधडीपेक्षा तिला आपण दिलेलं नाव माणसाला जास्त जागवतं, हे मी पहिल्यापासून मानत आलेय. पण ते इतकं नेमकं मलाही कधी मांडता आलं नव्हतं. भीतीनेही तेच ॲड्रेनालिन सुटतं, म्हणून नुसत्या छातीवरून ओळखू येत नाही. शिवाय साखर बरेच दिवस चढलेली असली, तर 110-120 वर आली तरी हातपाय थरथरतात.

बॅटरीत 70 च्या खालचा आकडा दिसला तर केळं नको. (केळीच्या मुलखात हे सांगणं जिवावर येतं.) केळ्याने साखर सावकाश चढते. तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं. अजून खालीच असेल तर पुन्हा तेच. सावरलं आणि जेवण लांब असेल तर थोडी भाकरी खायची. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट दवाखाना. आणि छातीत दुखत असेल, दम लागत असेल, तर वही-अंदाज बाजूला, तेव्हाही थेट दवाखाना. तो माझा विषयच नाही.

66 ची नोंद घेऊन मी काकांना त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी गोळी बदलली, उपासाच्या दिवशी काय करायचं ते लिहून दिलं.

शेवटच्या भेटीला काकू सोबत होत्या. काका आता घोरतात म्हणे. "अन् मी जागी. दोनदा उठून श्वास बघते त्यांचा."

पुढच्या आठवड्याची वेळ मी काकूंना दिली.