नव्या प्राध्यापक मित्रासाठी

तोंडी विचारलं तर सगळं नीट सांगतो, पण पेपरात पान कोरं ठेवतो, असा विद्यार्थी वर्गात दिसला की त्याला आळशी ठरवायची घाई करू नका. डिस्लेक्सिया (वाचायला अडचण) किंवा डिसग्राफिया (लिहायला अडचण) असलेली कितीतरी मुलं बारावीपर्यंत पाठांतरावर निभावून नेतात आणि पदवीला जाड इंग्रजी पुस्तकं समोर आली की अडतात.

2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा, म्हणजे अशा अडचणींचा, समावेश आहे, त्यामुळे परीक्षेतली सवलत ही मेहेरबानी नव्हे. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार, अक्षमतेचं प्रमाणपत्र असेल तर दर तासाला किमान 20 मिनिटं जादा मिळतात, गरजेप्रमाणे लेखनिकही, म्हणजे विद्यार्थी सांगेल ते उत्तर लिहून देणारा. प्रमाणपत्रासाठीच्या चाचण्यांना वेळ लागतो, म्हणून परीक्षेचा अर्ज भरायची वाट न पाहता सत्राच्या सुरुवातीलाच विद्यार्थ्याकडे विषय काढा. आणि तो एकट्यात काढा. सगळ्यांदेखत "सर्टिफिकेट आणलंस का?" विचारलं की मूल मिटून जातं; हे मी फार वेळा पाहिलंय.

नोट्स आदल्या दिवशी द्या, फळ्याचा फोटो काढू द्या, अचानक उभं करून मोठ्यानं वाचायला लावू नका.

लेखनिकाचं मात्र मनावर घ्याच. उत्तर सांगून लिहवून घेणं हे वेगळंच कौशल्य आहे. कुठे थांबायचं, परिच्छेद कुठे तोडायचा, आकृती कशी समजावायची, हे ऐन परीक्षेत सुचत नाही. जुन्या प्रश्नपत्रिका घेऊन, घड्याळ लावून, विद्यार्थी आणि लेखनिक दोघांना एकत्र सराव करायला बसवा.