बुखारा पायी बघायचं तर

अनेक आशीर्वाद.

उझबेकिस्तानातल्या बुखाऱ्यात गाइड ठरवण्याआधी त्याला दोनच प्रश्न विचार: चालायला सुरुवात कुठून, आणि वेळ किती? 'लाबी हौदापाशी भेटू, दोन तासांत सगळं दाखवतो' असं उत्तर आलं तर दुसरा गाइड बघ. बहुतेक हॉटेलं त्या हौदाच्या आसपास आहेत, म्हणून तिथून निघणं सोयीचं वाटतं. पण मग पश्चिमेकडच्या सर्वांत जुन्या वास्तू शेवटी येतात, ऊन चढलेलं असतं आणि सगळेच कंटाळलेले असतात. त्यापेक्षा सकाळी आठला टॅक्सीने थेट इस्माईल सामानी या जुन्या राजाच्या कबरीपाशी उतर आणि पूर्वेकडे चालत हॉटेलकडे ये. अंतर साधारण दोन-अडीच किलोमीटर, पण नीट बघायला चार-साडेचार तास हवेत. शक्यतो एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच जा. भर उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो. तेव्हा चालण्याचे दोन भाग कर आणि दुपारी बारा ते चार खोलीतच थांब.

सामानींची कबर नवव्या-दहाव्या शतकातली. इमारत लहानशी, चौकोनी, पण तिला अर्धा तास तरी दे. तिच्यावर रंग नाही, चकाकी नाही. एकाच रंगाची भाजलेली वीट कुठे आडवी, कुठे उभी, कुठे तिरकी बसवलेली आहे आणि सगळी नक्षी सावलीमुळे उठते. ऊन भिंतीला समोरून भिडलं की तीच नक्षी सपाट दिसते. म्हणून इमारतीला पूर्ण फेरी मार आणि जिथे ऊन भिंतीला घासून जातंय तिथे थांब. चारही बाजू जवळजवळ सारख्याच असल्याने सकाळी एक तरी बाजू हमखास मिळते. आत गेल्यावर कोपऱ्यांकडे मान वर करून बघ. चौकोनी खोलीवर गोल घुमट बसवायचा म्हणून चारही कोपऱ्यांत कमानी टाकून आधी अष्टकोन साधलाय. पुढच्या प्रत्येक घुमटाखाली हीच युक्ती शोध.

दिवसभर गाइडला एक प्रश्न मात्र सोडू नकोस: यातलं मूळ किती आणि दुरुस्तीतलं किती? उत्तर तुझं तुलाही तपासता येतं. भिंतीचा जमिनीलगतचा मीटरभर भाग बघ. इथलं भूजल खारं आणि फार खोल नाही. विटा ते वर ओढून घेतात, पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं. ते विटेच्या आतच जमून फुगतं आणि वीट पापुद्र्या-पापुद्र्याने सुटते. त्यामुळे पांढरा थर दिसला तिथे वीट कुजतेय असं समज, आणि खालच्या विटा गुळगुळीत, एकसारख्या असतील तर त्या बहुधा बदललेल्या. हात लावून खरवडू नकोस, बोटानेही भुगा पडतो.

जवळच चष्मा अय्यूब हे झऱ्यावरचं जुनं तीर्थस्थान आहे. आत पाणीपुरवठ्याचं छोटं संग्रहालय आहे. गाइड ते गाळू पाहील, तू गाळू नकोस. बुखाऱ्याचं पिण्याचं पाणी गल्लोगल्लीच्या दगडी हौदांत कालव्याने येई आणि भिश्ती ते पखालींतून घरोघर पोचवत. लोक पायऱ्या उतरून थेट पाण्यात पाय बुडवत, आणि त्याच पाण्यातून नारू पसरे. पायाच्या जखमेतून जंताची बारीक पिल्लं पाण्यात पडायची, बारीक जलकीटकांच्या पोटात जायची, आणि ते पाणी प्यायलेल्याच्या अंगात वर्षभराने नवा जंत तयार. आपल्याकडे पायऱ्यांच्या विहिरींतून नारू पसरला तो असाच. सोव्हिएत राजवटीत बहुतेक हौद उपसून बुजवले आणि 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला रोग संपला. पाण्यावर जगणारे करकोचेही हळूहळू गेले; काही ठिकाणी त्यांची रिकामी घरटी दिसतात. हे कळल्यावर उरलेल्या दोन-चार हौदांकडे तू वेगळ्या नजरेने बघशील.

बोलो हौद मशीद 1712 ची, पुढचे लाकडी खांब 1917 चे. तिचा दर्शनी भाग पूर्वेकडे तोंड करून आहे, म्हणून फोटो सकाळीच. समोरच्या आर्क किल्ल्याचं दार पश्चिमेकडे, त्याला संध्याकाळचं ऊन. किल्ल्याच्या आत फार वेळ घालवू नकोस. 1920 च्या लाल सैन्याच्या हल्ल्यात आतलं बरंच जळून गेलं.

कलान मिनार 1127 चा, अर्सलान खानाने बांधलेला, उंची सुमारे 46 मीटर. 1220 मध्ये चंगीझखानाने शहर जाळलं, तरी हा टिकला. नक्षीचे पट्टे खालून वर एकेक करून बघ, मग वरच्या टोकाजवळचा निळसर चकाकीचा पट्टा लक्षात येईल. शेजारच्या कलान मशिदीत शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या वेळी जाऊ नकोस. खांदे-गुडघे झाकणारे कपडे हवेत, बायकांनी ओढणी जवळ ठेवावी. समोरच्या मीर-ए-अरब मदरशात आजही विद्यार्थी शिकतात, त्यामुळे दारापासून थोडं आतपर्यंतच जाता येतं.

पुढे घुमटांखालचे बाजार लागतात. गाइड एखाद्या ठरावीक दुकानात नेऊन बसवेल. नम्रपणे सांग की खरेदी नंतर. सुझनी, म्हणजे तिथलं भरतकामाचं कापड, घ्यायची असेल तर कापड उलटं करून बघ. जुन्या पद्धतीत अरुंद पट्ट्या वेगवेगळ्या बायका भरतात आणि मग जोडतात, त्यामुळे जोडावर फुलं नेमकी जुळत नाहीत. ती चूक नव्हे, हाताच्या कामाची खूण आहे. नक्षी सगळीकडे तंतोतंत जुळली आणि मागचा टाका एकसारखा असला तर काम बहुधा मशीनचं.

मगोकी अत्तारी मशीद बघायला पायऱ्या उतरून जावं लागतं. मशीद खचलेली नाही. शतकानुशतकं मोडतोड साचून भोवतालची जमीनच वर आली. लाबी हौद (1620) तिथून दोन मिनिटांवर, आणि तिथे मात्र निवांत बस.

शाकाहारी असशील तर जेवणाचं गाइडला आदल्या दिवशीच सांग. पुलाव मांस आणि मेंढीच्या चरबीतच शिजतो, मांसाचे तुकडे बाजूला काढून तो शाकाहारी होत नाही. तंदुरी नान, टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर, भोपळ्याचा सामसा (समोशासारखा, पण भाजलेला) आणि ग्रीन टी यांवर दिवस निघतो, पण सामशात चरबी नाही ना हे विचारून घे. 'गोश्तसिझ' म्हटलं की मांस नको हे कळतं. चरबीचं वेगळं विचारावं लागतं. सुटे सोम (तिथलं चलन) खिशात ठेव, स्वच्छतागृहांना लागतात.

कळावे.