नाव कुणाच्या हाती दिलंस?

पोरी,

तुझा मेसेज रात्री वाचला, पहाटे परत वाचला. शाळांच्या सरकारी संगणक-नोंदीतल्या ड्रॉप बॉक्समध्ये तालुक्यातल्या शाळकरी पोरांची 312 नावं पडून आहेत, महिनाअखेर तो रिकामा दिसला पाहिजे असा वरून निरोप आहे, आणि प्रत्येक नावापुढं कारण काय टाकू, असं तू मला विचारतेस. सोबत तू केलेला तक्ताही आहे. रंग छान निवडलेस. पण ही 312 पोरं आज, जानेवारीतल्या या गारठ्यात, शाळेच्या वेळेला कुठं असतात ते त्यात कुठंच नाही.

ड्रॉप बॉक्स म्हणजे काय हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. एका शाळेनं सोडलेलं आणि दुसरीनं अजून आपल्याकडं ओढून न घेतलेलं नाव तिथं जाऊन पडतं. मला तो एसटी स्टँडसारखा वाटतो. स्टँड झाडून स्वच्छ केला म्हणून थांबलेली माणसं घरी पोचत नाहीत. तू कुठलंही कारण टाक, बॉक्स रिकामा होईल, साहेब खूश होतील. आणि ते नाव पुन्हा कुणीही कधीच उघडून बघणार नाही.

माझं म्हणणं एकच आहे, आणि ते मी या पत्रात चार वेळा सांगणार आहे: नाव दुसऱ्याच्या हाती दिल्याशिवाय सोडायचं नाही. दुसऱ्या शाळेच्या जनरल रजिस्टरला ते चढलं, तिथला नंबर आपल्याला कळला, की सोडायचं. तोवर ते आपलं.

हा हट्ट कुठून आला ते सांगतो. तू ऐकलेलं नाहीस, मी फारसं कुणाला सांगितलेलंही नाही.

ऑक्टोबर 2011 मध्ये राज्यभर तीन दिवस पटपडताळणी झाली. कागदावरची पोरं, फुगवलेले पट, त्यावर लाटलेल्या तुकड्या, पेपरात रोज तेच. ते खोटं नव्हतं. पण त्याचा धसका लबाडांपेक्षा भित्र्यांनी जास्त घेतला, आणि मी भित्र्यांतला. दोन शिक्षकी शाळा, मी मुख्याध्यापक. दिवाळीनंतर निम्मा गाव ऊसतोडीला गेला, हजेरीत रिकाम्या चौकोनांच्या रांगा लागल्या, आणि मी एका दुपारी लाल शाईनं 17 नावं कमी केली. शेरा लिहिला, ‘सतत गैरहजर’. पट स्वच्छ झाला. रात्री झोप चांगली लागली, हेही लिहितो.

पाडव्याच्या सुमाराला टोळ्या परतल्या. चौथीतली एक मुलगी सकाळी येऊन आपल्या जागेवर बसली. मी हजेरी घेत होतो. पोरांना आपल्या आधीचं नाव पाठ असतं, ते झालं की त्यांचं तोंड आपोआप उघडतं. तिचं उघडलं. मी तिच्या पुढचं नाव घेतलं. ती तशीच बघत राहिली, मग तिनं हळूच विचारलं, “गुरुजी, माझं?” मी म्हणालो, बापाला घेऊन ये, परत दाखल करू. बाप त्या वेळी आगाऊ घेतलेली उचल फिटली की अंगावर राहिली याच्या हिशेबात मुकादमाच्या दारात बसलेला. तो आला नाही. दुसऱ्या दिवशी तीही आली नाही. जूनमध्ये बघू असं मी मनाशी म्हणालो, आणि जूनमध्ये नवी पुस्तकं, नवे प्रवेश, त्यात राहून गेलं.

मी नियमानं वागलो, असं मी पुढं बरीच वर्षं सांगत असे. तेही खरं नाही. शिक्षण हक्क कायदा लागू होऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं, 1 एप्रिल 2010 पासून तो आहे. त्याच्या 16व्या कलमात तेव्हाही स्पष्ट होतं की प्राथमिक शिक्षण पुरं होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येणार नाही. मी काढून टाकलं नव्हतं, ‘कमी’ केलं होतं. आपल्या खात्याची भाषा फार सोयीची आहे.

पुढं केंद्रप्रमुख झालो तेव्हा नावं कमी केल्याच्या यादीवर सही करायचं मी बंद केलं. प्रत्येक मुख्याध्यापकाला एकच प्रश्न: नाव कुणाच्या हाती दिलंस? त्यापायी दोनदा खुलासा द्यावा लागला. तुम्ही पट फुगवताय, असं मला तोंडावर म्हटलं गेलं. ते लागलं, अजून लागतं. पण आरोप अगदीच बिनबुडाचा नव्हता, म्हणून तुला सांगतो. जानेवारीत 40 पोरं बसलेली आणि पटावर 57, तर आहारापासून शिक्षकांच्या जागा ठरवणाऱ्या संचमान्यतेपर्यंत सगळं त्या 57 वर चालायचं. ते चूकच. माझ्या डोक्यात तेव्हा एकच यादी होती. याद्या दोन लागतात हे मला उशिरा कळलं, तुला आत्ताच कळू दे.

शाळेचा पट ही शाळेत आलेल्यांची यादी. ती काटेकोर ठेव, हजर तेवढेच हजर. दुसरी यादी गावातल्या मुलांची, घरावरून सुरू होणारी: जन्मलेलं, अंगणवाडीत गेलेलं, पहिलीला दाखलपात्र झालेलं, बाहेरून आलेलं, बाहेर गेलेलं. ही माझी हौस नाही. त्याच कायद्याच्या 9व्या कलमात स्थानिक प्राधिकरणावर, म्हणजे आपल्या ग्रामपंचायत-जिल्हा परिषदेवर, हद्दीतल्या 14 वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवण्याचं कर्तव्य टाकलंय, आणि स्थलांतरितांच्या मुलांना दाखल करून घेण्याचंही. शाळकरी पोरांच्या संगणक-नोंदीसाठी राज्याचं सरल आलं, केंद्राचं यूडायस प्लस आलं, प्रत्येक पोराला कायमचा पेन नंबर मिळाला. उत्तम झालं. पण या सगळ्यांना मूल दिसतं ते शाळेच्या दारातून आत आल्यावर. जे दारापर्यंत आलंच नाही त्याला नंबर नाही, म्हणून ते गळालेलंही दिसत नाही. पोरं शाळेत टिकवण्याचे आकडे शंभर टक्क्यांच्या घरात दिसतात त्यातली थोडी जादू इथली आहे.

थोडी जादू तारखेची. आपला पट मोजायचा दिवस 30 सप्टेंबर. शाळाबाह्य मुलांची ती मोठी एकदिवसीय मोहीम झाली 4 जुलै 2015 ला. जुलै आणि सप्टेंबरमध्ये ऊसतोडीवाल्यांची पोरं कुठं असतात? घरी! वर्गात! गळीत सुरू होतं दसरा-दिवाळीच्या पुढं. म्हणजे आपण पाहुणे यायच्या आधी जेवणावळीचा फोटो काढतो आणि कुणी उपाशी राहिलं नाही असं लिहून देतो. तू एवढी शिकलेली, तुझ्या तक्त्यातही 30 सप्टेंबरचाच रकाना आहे, त्याचा मला राग आला. नोव्हेंबर ते मार्चची महिनावार हजेरी टाक शेजारी. गेल्या वर्षीची, त्याच्या आदल्या वर्षीची. ज्या पोराच्या हजेरीला दर हिवाळ्यात भोक पडतं ते यंदाही जाणार, त्याला ज्योतिषी लागत नाही. ही यादी सप्टेंबरच्या मध्याला हातात हवी. तेव्हा आजी घरी राहणार का, हंगामी वसतिगृहात नाव घालू का, हे विचारता येतं. एकदा ट्रॅक्टर दारात उभा राहिला, भांडी-सरपण चढलं, की आपण फक्त हात हलवायला असतो. आणि घरात धाकटं पोर असेल तर पाचवी-सहावीतल्या मुलीचं नाव यादीत सगळ्यात वर घे. फडावर ते धाकटं कुणी सांभाळायचं हे घरात ठरलेलं असतं, आपल्याला तेवढं माहीत नसतं.

आता तुझी 312.

बरीचशी नुसत्या आळसाची निघतील, मी पैजेवर सांगतो. चौथीपर्यंतची शाळा, पोरगं पास झालं, मे महिन्यात दाखला दिला, जूनमध्ये ते पलीकडच्या गावी पाचवीत बसलंसुद्धा, फक्त तिथल्या गुरुजींनी संगणकावर घेतलं नाही. दाखल्यांचं बुक आणि पाचवीचं जनरल रजिस्टर शेजारी ठेव, दोन दिवसांत ही नावं हातोहात जातील. पण याच ढिगात एखादं असं असतं ज्यानं दाखला नेलाच नाही. आम्ही तो महिनोन्‌महिने कपाटात जपून ठेवतो. न नेलेला दाखला म्हणजे न गेलेलं मूल. ती नावं वेगळी लिही.

मग नावं जुळवायला बसशील. जन्मतारखेवर भरवसा ठेवू नकोस. आमच्या पिढीच्या गुरुजींनी ज्याची तारीख माहीत नाही त्याला 1 जून देऊन टाकला, त्यामुळं तुझ्या यादीत 1 जूनला जन्मलेल्यांची जत्रा भरलेली असेल. आधारवर ‘पुजा’, दाखल्यावर ‘पूजा’, वडिलांचं नाव एकीकडं रामा, दुसरीकडं रामभाऊ. आईचं नाव बघ. ते फार बदलत नाही, आणि भावंडं एकत्र सापडतात ती त्यावरूनच. धाकटा कुठल्या शाळेत आहे हे कळलं की थोरलीचा पत्ता लागतो.

बापाचा मोबाईल नंबर दर हंगामाला बदलतो. मुकादमाचा बदलत नाही, त्याचा धंदाच त्यावर आहे. म्हणून गावाच्या यादीत मुकादमाच्या नंबराचा रकाना हवा, तो सरकारच्या कुठल्याही फॉर्ममध्ये मला दिसला नाही. फोन रात्री आठनंतर कर, टोळी कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीवर, परतलेली असते. “शाळेतून बोलतेय” असं सुरू केलंस तर तो कापेल, त्याला वाटतं बालमजुरीचं प्रकरण. “टोळी यंदा कुठल्या कारखान्याला लागलीय?” असं विचार. त्यावर तो भरभरून बोलतो, रस्ता, पाऊस, ट्रॅक्टर, सगळं. मग पोरांवर ये.

पत्ता लागला की तिथल्या शाळेला फोन. मुख्याध्यापक म्हणतील, दाखला आणा. त्यांना 5वं कलम सांग, दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. म्हणतील, वयाचा पुरावा नाही. 14वं कलम. म्हणतील, आधार नाही. सप्टेंबर 2018 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं आधारसाठी मुलाचा शाळाप्रवेश अडवता येणार नाही असं सांगितलंय. आणि खरं कारण ते बोलणारच नाहीत: 30 सप्टेंबर उलटून गेला, या पोराचा आता पटाला उपयोग नाही, वर तीन महिन्यांत निघून जाणार. तिथं कलमं चालत नाहीत. तिथं चहा प्यावा लागतो, स्वतः जाऊन. शिक्षण हमी कार्ड, म्हणजे पोर आधी कुठं, कितवीत होतं याची नोंद, भरून दे, पोर वर्गात बसलं की त्यांच्याकडून नंबर घे, मग इकडचं नाव सोड. हातात दे, मग सोड. झालं का तीनदा?

एक गोष्ट मध्येच आठवली म्हणून. ही यादी शिक्षकांच्या ग्रुपवर टाकू नकोस. मागच्या आठवड्यात तू ‘कुणाला माहीत असेल तर कळवा’ म्हणून जो फोटो टाकलास त्यात तेरा-चौदा वर्षांच्या मुलींची नावं, गावं आणि फोन नंबर होते, आणि त्या ग्रुपवर दोन-अडीचशे लोक आहेत. गावागावाची यादी त्या त्या गुरुजींना वेगळी पाठव. लगेच काढून टाक तो फोटो.

आणि महिनाअखेरचं काय, हा तुझा खरा प्रश्न. तुझं कंत्राट आहे, दर वर्षी नव्यानं ऑर्डर निघते, हे मला माहीत आहे. मी पेन्शन घेऊन ओट्यावर बसून तुला ताठ मानेनं राहा म्हणतोय, त्यातली गंमत मलाही कळते. मी सही नाकारली तेव्हा माझी नोकरी कायम होती, खुलाशापलीकडं कुणी काही करू शकत नव्हतं. म्हणून तू सही नाकारू नकोस, भांडू नकोस. जी सापडली ती नावं हस्तांतरित कर. उरलेल्यांना खोटं कारण देऊ नकोस, त्यांचा गाववार तक्ता कर: शेवटचा हजेरीचा महिना, आईचं नाव, कुणाशी कधी बोलणं झालं. लेखी सादर कर, पोच घे. “शोध सुरू” एवढंच लिही. साहेब चिडतील. पण लेखी आलेल्या नावाला ‘निरंक’ लिहायला त्यांचाही हात अडखळतो, हे मी पाहिलंय. ऑर्डर निघाली नाही तर मला दोष दे, तेवढा मी लागतो.

तुला हे सगळं सांगताना मी त्या 17 नावांचा हिशेब तुझ्याकडून चुकता करून घेतोय का, असं आत्ता लिहिता लिहिता वाटलं. असेलही. तरी माझं म्हणणं बदलत नाही. दुसऱ्याच्या हाती दिल्याशिवाय सोडायचं नाही. हे चौथ्यांदा.

आज रात्री जेवण झालं की फोन कर. डोंगराकडच्या गावांच्या चार मुकादमांचे नंबर माझ्या जुन्या वहीत आहेत. दोन बंद असतील. तिसरा उचलेल, तो दमेकरी आहे, थांबून थांबून बोलतो, घाई करू नकोस.